उसाच्या ट्रॉल्यांना रेडियम लावा

महोदय,
केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. म्हणजे दिवसाला चारशे साठहून अधिक. जखमी ४,४३,३६६. मृतांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि त्यातले १४,३३७ तर मागे बसलेले होते. आपल्याकडे मागच्या सीटवर हेल्मेट घालून बसलेली बाई किंवा पोर कधी दिसते का? कायद्याने तेही सक्तीचे आहे.

पण मला लिहायचे आहे ते उसाच्या ट्रॉल्यांबद्दल. गाळप हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात रात्रभर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते. मागे दिवा नाही, रेडियम नाही, असलेच तर चिखलाने माखलेले. ट्रॉली पंक्चर झाली की रस्त्यातच उभी, मागे चार दगड. माझा पुतण्या गेल्या हंगामात अशाच एका ट्रॉलीवर आदळला. समोरच्या गाडीच्या लाईटने डोळे दिपले आणि ट्रॉली दिसलीच नाही. जीव वाचला, पाय मात्र अजून धड टेकत नाही.

ट्रॅक्टरवाल्याला एकट्याला दोष देऊन काय होणार? खेपेवर पैसे मिळतात, झोप मिळत नाही. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. तिथेच दिवा आणि रेडियम बघा, नसेल तर लावल्याशिवाय परत सोडू नका. आरटीओ आणि पोलिसांनी हे हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच करावे, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक, निपाणी