‘२३’ नेमके कोणी म्हटले, हे आधी विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये, ही आपली अट पाळून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण इतकेच, की आपण दाखवलेली वाट सोलापुरात सी या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावी.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक यंत्रमागाच्या उत्पादनाच्या नोंदी रात्री एकत्र करतो आणि त्यांवरून विणकरांच्या मजुरीची यादी तयार होते. प्रोग्रामने संपताना शून्याखेरीज (० म्हणजे सगळे ठीक) कोणताही एक्झिट कोड दिला, की पुढची स्क्रिप्ट ती यादी रद्द करते. नवी आवृत्ती बसवल्यापासून नेमके तेच होऊ लागले. नोंदींची फाइल पूर्ण आणि अचूक, लॉगची शेवटची ओळ ‘काम पूर्ण’, मेन फंक्शनच्या अखेरीस ‘रिटर्न ०’, आणि तरीही तो चालवणाऱ्या शेलच्या हाती २३. आमच्या कोडमध्ये हा आकडा एक्झिट कोड म्हणून कोठेही नव्हता. मजुरीची यादी अडली की कारखान्यात काय बोलले जाते, हे आपल्याला सांगायला नको.

लिनक्समधील एररनोच्या, म्हणजे त्रुटींच्या क्रमांकांच्या, यादीत २३ म्हणजे ‘एनफाइल’, अर्थात संपूर्ण प्रणालीत उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा संपणे. साहजिकच सगळी चर्चा उघड्या राहिलेल्या फाइलींभोवती चालू होती. आपण ती शेवटपर्यंत ऐकून घेतलीत आणि विचारलेत, “२३चा अर्थ नंतर पाहू. तो आकडा कर्नलला सांगितला कोणी?” कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. एररनो ही एखादी कॉल फसल्यावर प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, आत ठेवली जाणारी नोंद आहे आणि एक्झिट कोड हा प्रोसेसने संपताना तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसला दिलेला आकडा आहे, प्रोग्रामरने मुद्दाम जोडल्याशिवाय या दोहोंचा काहीही संबंध नसतो, हे आपण इतक्या सहज सांगितलेत की फाइलींची चर्चा तेथेच थांबली.

त्यानंतर आपण एकेक शक्यता बाजूला सारलीत. पालकापर्यंत एक्झिट कोडचे फक्त खालचे आठ बिट पोहोचतात, म्हणून -१ दिल्यास २५५ दिसतो आणि २५६ दिल्यास चक्क ० दिसतो. सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे मेमरीत नको तेथे हात घातल्याने, प्रोग्राम मेला असता तर १२८ अधिक त्या सिग्नलचा क्रमांक ११, म्हणजे १३९ दिसला असता. शेअर्ड लायब्ररी सापडली नसती तर १२७ आला असता आणि मेनपर्यंत गाडी पोहोचलीच नसती. उरली एकच जागा. मेनमधून ० परत गेल्यावर एक्झिट फंक्शन चालते, ते ‘अ‍ॅटएक्झिट’ने नोंदवलेली फंक्शन्स उलट्या क्रमाने चालवते, आणि त्यांपैकी एखाद्याने मध्येच प्रोसेस तडक संपवणाऱ्या ‘अंडरस्कोर-एक्झिट’ला हाक मारली तर मेनने दिलेले शून्य वाऱ्यावर जाते. ही फंक्शन्स आपण लिहिलेलीच असावीत असे नाही. लिंक केलेली कोणतीही लायब्ररी ती गुपचूप नोंदवू शकते.

आपण प्रोग्रामचे कर्नलशी होणारे बोलणे दाखवणारे एसट्रेस चालवलेत आणि शेवटच्या ओळींकडे बोट दाखवलेत. लॉगची फाइल बंद झाल्यानंतर स्टँडर्ड एररवर, म्हणजे तक्रारी छापण्याच्या वाटेवर, काही मजकूर लिहिला जात होता आणि लगेच ‘एक्झिट ग्रुप २३’ येत होते. हा प्रोग्राम पार्श्वभूमीत चालतो, त्यामुळे सुरुवातीलाच तो आपला स्टँडर्ड एरर सगळे गिळून टाकणाऱ्या ‘डेव्ह-नल’कडे वळवतो, आणि म्हणून हा मजकूर टर्मिनलवरही कोणाला दिसला नव्हता. एसट्रेस मजकुराची पहिली ३२ अक्षरेच दाखवतो, पण तेवढ्यात ‘लीकसॅनिटायझर’ हा शब्द बसला होता. घेतलेली पण परत न केलेली मेमरी, म्हणजे गळती, शोधणारे हे साधन. गंमत अशी, की एसट्रेस किंवा जीडीबी या डीबगरखाली हा सॅनिटायझर चालतच नाही. आपल्याला दिसली ती त्याची तशी तक्रार होती, मेमरी गळतीचा अहवाल नव्हे. तरीही चोराने नाव सांगितले.

प्रोग्राम कोणत्या शेअर्ड लायब्ररी वापरतो ते दाखवणाऱ्या एलडीडीच्या यादीत त्या सॅनिटायझरची ‘लिबएलसॅन’ होतीच. कारखान्याच्या मोजणी यंत्रांशी बोलणारी लायब्ररी आम्ही बाहेरून घेतो. तिच्या पीकेजी-कॉन्फिग फाइलीत, म्हणजे ती कशी जोडायची हे सांगणाऱ्या फाइलीत, पुरवठादाराच्या चाचणी आवृत्तीचा सॅनिटायझरचा पर्याय राहून गेला होता, आणि बिल्डच्या सूचना असलेल्या आमच्या मेकफाइलने तो निमूटपणे लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला दिला. लीकसॅनिटायझरला कोड नव्याने कंपाइल करावा लागत नाही, नुसते लिंक करणे पुरते. म्हणूनच आमच्या कंपाइलच्या पर्यायांत त्याचा मागमूस नव्हता. तो असा एकटाच जोडलेला असताना गळती आढळल्यास तो ठरावीकपणे २३ हाच कोड देतो. एनफाइलशी जुळणे हा निव्वळ योगायोग होता.

त्या रात्री ‘एलसॅन ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एक्झिटकोड ० केल्यावर मजुरीची यादी निघाली आणि आमच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. आपण मात्र तसे मानू दिले नाहीत. त्याच व्हेरिएबलमध्ये लॉगची जागा देऊन अहवाल फाइलीत उतरवायला लावलात, आणि त्यातून कळले की यंत्राशी जोडणी बंद करताना ती लायब्ररी आपला बफर सोडतच नाही. रात्री चालून संपणाऱ्या प्रोग्रामला याची झळ नाही, कारण प्रोसेस संपल्यावर कर्नल सगळी मेमरी परत घेतो. पण शेडमधल्या फलकावर आकडे दाखवणारा आमचा दुसरा प्रोग्राम अखंड चालतो आणि हीच लायब्ररी वापरतो, हे आपण विचारून काढलेत.

मानधनाचा विषय आपण काढू दिला नाहीत, म्हणून निदान पुढचे कळवतो. पुरवठादाराला अहवाल पाठवला आणि त्यांनी दोन्ही दोष काढून नवी आवृत्ती दिली. आमच्या चाचणी बिल्डमध्ये सॅनिटायझर आता आम्ही स्वतःहून ठेवला आहे, वितरणाच्या बिल्डमध्ये तो नाही, आणि प्रत्येक बिल्डनंतर एलडीडीची यादी तपासली जाते. फलकाच्या प्रोग्रामची मेमरी वाढत जाते म्हणून तो दर रविवारी बंद करून पुन्हा सुरू करण्याची, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ होती. ती काढून टाकली आहे.

आपला कृतज्ञ,
एक प्रोग्रामर
अक्कलकोट रोड, सोलापूर