बाबा, यंदाचं मखर प्लायचं करूया

नेरुळ, रविवार दुपार

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई मध्येच "जेवलास का" विचारते आणि बाबा "बघू" म्हणून फोन तिच्याकडे देऊन टाकतात, म्हणून लिहूनच काढतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर बाबा, तुम्ही खाली अंगठा टाकून मोकळे झाला असतात. पत्र निदान चष्मा लावून वाचाल.

तर ते मशीन. मागे आला होतात तेव्हा बाल्कनीत चादर टाकून झाकलेलं बघून तुम्ही "शिलाई मशीन घेतलंस की काय" विचारलंत, तेच. दिसतं तसंच खरं, वरून एक लांब हात येतो, खाली टेबल, आणि सुई असते तिथे उभं बारीक करवतीचं पातं. स्क्रोल सॉ म्हणतात. किंमत लिहीत नाही, आई वाचतेय.

तुम्ही त्यावर एकच वाक्य बोललात, "मशीनने काय कोणीही कापेल, हाताचं ते हाताचं." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही पण नंतर वापरता वापरता लक्षात आलं की हे मशीन फक्त पातं वरखाली करतं, मिनिटाला चारशे ते सोळाशे वेळा, जसं नॉब फिरवाल तसं, बाकी काहीच करत नाही. वळण सगळं आपल्या हातानेच घ्यायचं. पातं जागेवर, आपण लाकूड फिरवायचं. आणि हे तुम्ही आयुष्यभर केलंय! तुमचा थर्माकोलचा कटर आठवा, तो लाकडी पाट, मधोमध उभी ताणलेली नायक्रोमची तार, खाली ट्रान्सफॉर्मर, आणि तुम्ही दोन्ही हातांनी थर्माकोलचा तुकडा तारेभोवती फिरवताय. तीच बैठक, तोच हात. तार गरम व्हायची, इथे पातं हलतं, एवढाच काय तो फरक. म्हणजे थोडे अजून आहेत, सांगतो.

2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली, मग मखरवाले कोर्टात गेले की निदान यंदाच्या गणपतीपुरती तरी सूट द्या, तीही मिळाली नाही, आणि तुम्ही कटर माळ्यावर टाकलात तो टाकलातच. बंदी बरोबर होती, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खाडीवर तरंगणारे पांढरे तुकडे तुम्हीच मला दाखवले होते. पण बंदी थर्माकोलवर होती, तुमच्या हातावर नव्हती ना! तेव्हापासून आपल्याकडे पडदा, एलईडीची माळ आणि बाजारातलं पुठ्ठ्याचं घडीचं मखर, आणि ते उघडताना दरवर्षी तुमचा चेहरा बघण्यासारखा असतो.

म्हणून यंदा प्लायचं करायचं असं माझ्या डोक्यात आहे. 6 एमएमचा प्लाय. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा गोंदाने दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतो, कापायला लोण्यासारखा, बाजारातली लेझरवाली मखरं बहुतेक त्याचीच असतात, पण आपला सण भर पावसाळ्यात, एमडीएफची कड दमट हवेत फुगते आणि एकदा फुगली की बसत नाही. शिवाय त्याचा भुसा पिठासारखा बारीक आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद, ते तुमच्या छातीत नको. साधा कमर्शियल प्लायही नको, आतल्या थरात गॅप असतात, नाजूक वेल कापत आणली की नेमकी तिथेच तुटते. बर्चचा प्लाय मिळतो, पातळ पातळ भरपूर थर आणि आत पोकळी जवळपास नाहीच, महाग आहे पण माळ्यावर ठेवून वर्षानुवर्षं वापरायचंय. आई, तू सागवान म्हणशील, मला माहितीये. सागवानात सिलिका असते, पात्याची धार बघता बघता जाते, आणि जाळीकामाला पातळ सागवानी फळी वळणाच्या नाजूक जागी रेषेबरोबर तुटू शकते. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे तो धोका कमी.

आता पात्याचं बघा बाबा, हे तुम्हाला आवडेल. पातं पाच इंच लांब, आणि 5 नंबरचं जेमतेम एक मिलिमीटर रुंद. नंबर वाढला की जाड, घटला की बारीक, शून्याच्या खालीही जातात. आपल्याला लागतील ती रिव्हर्स टूथवाली, म्हणजे सगळे दात खाली तोंड करून पण तळाचे थोडे उलटे, वर तोंड केलेले, त्याने प्लायच्या खालच्या बाजूचे कपचे निघत नाहीत. टोकांचेही दोन प्रकार आहेत, एकाच्या टोकाला आडवी पिन असते ते अडकवायला सोपं, दुसरं बिनपिनेचं, ते क्लॅम्पमध्ये आवळायचं. मी दोन्ही चालणारं मशीन मुद्दाम शोधून घेतलं कारण पिनवालं पातं आत घालायला भोकच मोठं पाडावं लागतं आणि मग बारीक जाळी विसरा.

जाळीचा आतला भाग कापायचा तर असं करायचं, कापायच्या भागात दोन एमएमचं भोक पाडायचं, वरचा क्लॅम्प सैल करून पातं त्या भोकातून ओवायचं, परत आवळायचं, ताण द्यायचा आणि बोटाने पातं छेडून बघायचं. टण् असा वरचा स्वर आला पाहिजे, भद्द वाजलं तर ढिलं आहे, वळणावर वाकणार आणि खालची कड तिरकी येणार. तुम्ही तार लावल्यावर नखाने छेडून बघायचात ना, अगदी तेच. मग एक भाग कापला की पातं काढा, पुढच्या भोकात ओवा. एका कमळात पंधरा-वीस भोकं सहज होतात, वेळखाऊ आहे, पण आपल्याला कुठे गाडी पकडायचीय.

तारेपेक्षा वेगळं काय ते सांगतो म्हटलं होतं. एक म्हणजे पातं सरळ जात नाही. त्याचे दात पाडताना एका बाजूला बारीकशी खरड राहते आणि ती बाजू जास्त कापते, म्हणून सरळ रेष हवी तर लाकूड थोडं तिरपं धरून ढकलावं लागतं. पहिल्यांदा चिडचिड होते, मग हाताला कळतं. दुसरं, पुढे ढकलायची घाई केली की पातं वाकतं, तापतं, लाकूड काळं पडतं. त्यावर एक मस्त युक्ती आहे, चित्राच्या वरून पार्सलला लावतात ती पारदर्शक चिकटपट्टी लावायची, पातं गुळगुळीत चालतं आणि डाग पडत नाहीत. म्हणजे प्लायवर आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकने चित्राची झेरॉक्स, त्यावर चिकटपट्टी. काम झालं की टेप धरून सगळं एका ओढीत निघतं, लाकूड कोरं करकरीत. आणि तिसरं, पातं आणि मागचा खांब यात सोळा इंचच जागा आहे, त्यामुळे तुम्ही अख्खी महिरप एका तुकड्यात कापायचात तशी इथे फिरणार नाही. तीन भागांत करून खाचेत खाच अडकवायची. तसंही बरंच, सुटी करून माळ्यावर चपटी ठेवता येईल. खाच मात्र पट्टीने मोजून नाही आखायची, 6 एमएम म्हणून दिलेला प्लाय क्वचितच पूर्ण 6 भरतो, तुकडा उभा ठेवून त्यावरूनच आखायची.

डावा-उजवा खांब करताना तुम्ही कागद उलटा करून परत सगळं कापायचात आणि तरी एका मोराची मान दुसऱ्यापेक्षा जाड यायची, आई दर वर्षी ते बरोब्बर शोधून काढायची. इथे दोन प्लाय एकावर एक ठेवून कडेने टेप गुंडाळायची आणि एकदाच कापायचं, नंतर एक उलटा केला की झाली जोडी. आईचा एक कार्यक्रम कमी झाला.

पण मुख्य अडचण आहे ती ड्रॉइंगची, आणि तिथे मला खरंच तुम्ही लागता. थर्माकोलमध्ये तुम्ही पाकळी वेगळी कापून टाचणीने आणि फेव्हिकॉलने थरावर थर लावायचात. जाळीत तसं नाही, जो तुकडा चारी बाजूंनी सुटला तो खाली पडला. म्हणजे मोराचा डोळा नुसता गोल काढून चालत नाही, तो कुठून तरी देठाने धरलेला पाहिजे, आणि तो देठ असा हवा की मुद्दाम जोडलाय असं वाटू नये, वेलीचाच भाग वाटावा. इंटरनेटवर तयार चित्रं ढिगाने आहेत पण सगळी हरणं, घुबडं आणि ख्रिसमसची झाडं. तुमच्या बटर पेपरच्या फायलीतला तो समोरासमोर दोन मोर आणि मध्ये कमळवाला कागद मला हवाय. मी त्यात जोड घालून बघितले असते पण तुमची रेषा मला येत नाही, माझा मोर कोंबड्यावर जातो.

आई, आता तुझं. तुला वाटतंय करवत आहे, बोट जाईल. लाकूडकामाच्या विजेच्या करवतींमध्ये ही सगळ्यात गरीब मानतात, पातं इतकं बारीक की लाकूड उडवून अंगावर फेकत नाही, जास्तीत जास्त तुकडा पात्याबरोबर वर उचलून धडधडतो, त्यासाठी वरून दाबून धरायला छोटा पाय असतो. माझं मशीन शंभर-सव्वाशे वॉटचं, तुझा मिक्सर साडेसातशेचा, आणि आवाजही मिक्सरपेक्षा कमी. लागलं तर कापतं हे खरंय, ते खोटं कशाला सांगू, पण बोट पात्याच्या रेषेत ठेवायचं नाही एवढं पाळलं की झालं, आणि बाबांना ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळा गॉगल आणलाय, चष्म्यावरून बसणारा, पातं तुटलं तरी डोळ्याला काही नाही. एन 95 मास्क आहेत. भुसा बाल्कनीतच राहतो, काम झालं की व्हॅक्यूम फिरवतो. आणि थर्माकोल जळायचा तो वास आठव, तू खिडक्या उघडत फिरायचीस, त्यापुढे लाकडाचा भुसा म्हणजे अगरबत्तीच समज.

बसून करायचं काम आहे, उभं राहायचं नाही, आणि अर्ध्या तासाने मीच उठवीन त्यांना. साखरेची गोळी, जेवणाची वेळ, सगळं तुझ्या टाइमटेबलप्रमाणे, सुनबाईला आधीच सांगून ठेवलंय.

तुझंही काम आहे यात. रांगोळीचे छाप प्लास्टिकचे मिळतात ते आवडत नाहीत म्हणतेस ना, उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून ज्ञानकमळ, गोपद्म, स्वस्तिक, हवे ते करून देतो, वर धरायला छोटी मूठ लावून. फक्त तू कागदावर ठिपके काढून दे. आणि मखराचा रंग तू ठरवायचास. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारला की तो विरघळायचा म्हणून बाबा पोस्टर कलरवर अडकले होते, आता ऑइल पेंट, स्प्रे, पॉलिश काहीही चालेल. माझं मत विचारशील तर नुसतं चपडा लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं, कापडाच्या बोळ्याने दोन-तीन हात. त्याआधी 180 आणि मग 220 चा पॉलिश पेपर. बाबा सोनेरी म्हणतील. तुम्ही दोघं भांडून घ्या.

पावसाचं एक बघावं लागेल, समुद्राची हवा आणि पाऊस, टेबलाला आणि पात्यांना गंज धरतो. टेबलाला मेण घासतो, पाती तेलाचा हात लावून डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. बाबा, तुमच्याकडे त्या औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या पुड्यांचा डबा आहे ना, तो आणा.

येत्या शनिवारी या. ठाण्याहून नेरुळ लोकल सकाळी अकरानंतर रिकामी असते, बसायला मिळतं, मी स्टेशनला येतो. मोरांचा कागद गुंडाळून आणा, घडी नको. माळ्यावर तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. आणि पहिल्या दिवशी मखराला हात लावायचाच नाही, मी पाइनचे टाकाऊ तुकडे ठेवलेत, त्यावर नुसत्या रेषा आणि गोल. हात बसला की मग मोर.

आई, येताना शेंगदाण्याची चटणी आणलीस तर बरं होईल, इथली संपली.

तुमचा,
मंदार