जहाजाची तिकिटे काढली आहेत

बॉस्टन, रविवार रात्र

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर जे सांगायचे होते ते माझ्या तोंडून निघाले नाही. बाबा विमानाच्या तिकिटांचे भाव वाचून दाखवत होते, आई मागून "मध्ये एक थांबा असला तर स्वस्त पडते" असे सुचवत होती आणि मी नुसती हूं हूं करत राहिले, कारण तिकिटे काढून झालेली आहेत. ती विमानाची नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघे ब्रुकलिनहून 'क्वीन मेरी २' या जहाजाने निघाल आणि सात रात्रींचा प्रवास करून साउथॅम्प्टनला उतराल. तिथून विंचेस्टरला दादाच्या घरी पोहोचायला गाडीने अर्धा तास लागतो आणि तो स्वतः धक्क्यावर घ्यायला येणार आहे. निम्मे पैसे त्याने भरले, निम्मे मी. तुम्हाला न विचारता हे केले याची आधीच क्षमा मागते. विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुम्ही एकदा नको म्हटल्यावर तुमचा शब्द मोडून तिकिटे काढणे मला जमले नसते.

बाबा, मागच्या वर्षी मुंबईहून परतताना थेट नेवार्कला येणारे विमान निवडले ते मीच. मध्ये उतरायला नको, सामान उचलायला नको, एवढाच विचार मी केला होता. सोळा तास तुम्ही खिडकीजवळ बसून राहिलात, कारण कडेच्या आसनावरचे गृहस्थ झोपले होते आणि त्यांना सारखे कसे उठवायचे, असे तुम्हा दोघांनाही वाटले. एडिसनच्या घरी तुम्ही मोजे काढलेत तेव्हा डाव्या पोटरीवर इलॅस्टिकची खोल खूण उमटलेली होती. तिच्या शेजारी मी अंगठा दाबून पाहिला, तर पडलेला खळगा भरून येईना. "प्रवासाने पाय सुजतातच," असे आपण तिघांनीही म्हटले, आणि पुढचे दोन दिवस त्या वाक्यावर काढले. गुठळी वेळेवर सापडली, औषध लागू पडले, तुम्ही ठणठणीत आहात, हे सगळे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी विमानाला सरसकट मनाई केलेली नाही, हेही मी त्यांना दोनदा विचारून घेतले आहे. दर तासाला उठून चालायचे, ही त्यांची अट आहे. परंतु तुम्ही उठणार नाही, बाबा. परक्या माणसाची झोप मोडण्यापेक्षा तुम्ही स्वतःचा पाय आखडून घ्याल. जहाजावर कुणाला उठवावे लागत नाही. सातव्या मजल्यावर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी फळ्यांचा सज्जा आहे आणि त्याच्या तीन फेऱ्या मारल्या की मैलभराहून थोडे जास्त चालणे होते.

खर्चाचे म्हणाल, तर बिझनेस क्लासच्या दोन तिकिटांपेक्षा हे कमीच पडले, आणि त्यात आठवडाभराचे राहणे व जेवण आले. याहून अधिक आकडे मी सांगणार नाही, आणि तुम्ही ते दादाकडून काढून घेऊ नयेत.

खरे कारण आणखी एक आहे आणि ते लिहिताना मला जरा संकोच वाटतो. एकतीस वर्षे तुम्ही पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात जहाजांच्या नोंदी लिहिल्यात. कुठले जहाज किती टनांचे, कुठल्या गोदीत किती दिवस उभे, हे तुम्हाला तोंडपाठ असे. अण्णाकाका विलायतेला निघाले तेव्हा बॅलार्ड पियरवर आजोबांच्या खांद्यावरून तुम्ही पी अँड ओची बोट हलताना पाहिलीत, ती गोष्ट तर आम्ही जेवताना मागून मागून ऐकली. वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता तुम्ही आम्हाला झोपेतून उचलून गच्चीवर न्यायचात, कारण बंदरातली सगळी जहाजे एकदम भोंगे वाजवायची आणि तो आवाज मुलांनी ऐकायलाच हवा असे तुमचे मत होते. त्या जहाजांपैकी एकावरही तुम्ही कधी चढला नाहीत. या जहाजाच्या भोंग्यांपैकी एक १९३६ मध्ये पहिल्या फेरीला निघालेल्या मूळ 'क्वीन मेरी'वरचा आहे. ब्रुकलिनहून निघताना तो वाजला की तुम्ही मुद्दाम डेकवर असायला हवे.

तुम्ही नोंदी विचारणारच, म्हणून लिहून ठेवते. लांबी ३४५ मीटर, पाण्याच्या पातळीला रुंदी ४१ मीटर. आपल्या इंदिरा गोदीच्या लॉक गेटमधून हे जहाज आत शिरलेच नसते. बांधणी फ्रान्समधल्या सेंट नझेरची, पहिली फेरी जानेवारी २००४ ची. कंपनी क्युनार्ड, म्हणजे अस्सल ब्रिटिश, कारभार साउथॅम्प्टनहून चालतो, पण १९९८ पासून मालकी अमेरिकेतल्या कार्निव्हलकडे आहे आणि नोंदणी बर्म्युडाची. मागच्या बाजूला 'हॅमिल्टन' हे नाव दिसेल. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून जाता यावे म्हणून जहाजाचे धुराडे बेताच्या उंचीचे ठेवले आहे. पुलाखालून जाताना ते पुलाला आता लागेल की काय असे वाटते म्हणतात, तेव्हा आईचा हात धरून ठेवा. आणि एक गोष्ट माझ्या गावाची. सॅम्युएल क्युनार्डची पहिली टपालबोट 'ब्रिटानिया' १८४० मध्ये लिव्हरपूलहून हॅलिफॅक्समार्गे इथे बॉस्टनला आली होती. १८४४ च्या फेब्रुवारीत बंदर गोठून ती अडकली, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने मैलोगणती बर्फ कापून तिला समुद्रापर्यंत वाट करून दिली. रोज कामावर जाताना मला ते बंदर दिसते. ब्रिटिश बोटीसाठी अमेरिकन माणसांनी बर्फ फोडला ही गोष्ट तुम्ही जेवणाच्या टेबलावर सांगा. तिथे निम्मे लोक तुमच्यासारखे अमेरिकन असतील आणि निम्मे ब्रिटिश, दोघांनाही ती आवडेल.

आता आई, तुझ्याशी बोलते. जहाज हा शब्द वाचल्यापासून तुझ्या मनात ती बुडालेली 'रामदास' बोट आली असेल. १७ जुलै १९४७ बद्दल आजी जे सांगायची, ते मी विसरलेले नाही, आणि आजीच्या देव्हाऱ्यातला तो फोटोही विसरलेले नाही. म्हणून मी तुला "घाबरू नकोस" असे म्हणणार नाही. एवढेच सांगते की भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली भर पावसातली ती छोटी, खचाखच भरलेली बोट आणि उत्तर अटलांटिक ओलांडण्यासाठीच बांधलेले हे जहाज यांच्यात फार अंतर आहे. नुसत्या सहलींसाठी बांधलेली जहाजे वेगळी. हे लायनर आहे, याचे पोलाद अधिक जाड आहे आणि डोलणे कमी व्हावे म्हणून पाण्याखाली दोन्ही बाजूंना मिळून चार पंख आहेत. 'टायटॅनिक'नंतर प्रत्येक प्रवाशाला जीवनरक्षक नौकेत जागा असलीच पाहिजे असा नियम झाला, आणि निघण्यापूर्वी सर्वांना सुरक्षेचा सराव करावा लागतो. १९१२ च्या त्या रात्री बर्फातून धावत जाऊन सातशेहून अधिक माणसांना उचलणारी 'कार्पेथिया' याच क्युनार्डची होती. वाटेत तो भाग लागला की लोक त्याविषयी बोलतील. तुला नको असेल तर त्या वेळी ग्रंथालयात जाऊन बस. ते फार मोठे आणि शांत आहे.

बोट लागण्याची भीतीही मी लक्षात घेतली आहे. मी चार-पाच वर्षांची असताना आपण कोकण बोटीने रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा डेकवर चटई टाकून तू मला मांडीवर घेतले होतेस. तुला स्वतःला मळमळत होते, तरी रात्रभर माझ्या नाकाशी लिंबाचे साल धरून बसली होतीस. ते साल सकाळी सुकून कडक झाले होते आणि तरीही तुझ्या मुठीत होते. यावेळी खोली मी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागून घेतली आहे, कारण तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. बाल्कनी जहाजाच्या पोलादी अंगातच कोरलेली आहे, त्यामुळे वारा थेट लागत नाही आणि बसल्या जागेवरून समुद्र दिसतो.

ब्रिटिश जहाज निवडण्याचे निम्मे कारण तर चहाच आहे. खोलीत पाणी तापवायची किटली ठेवलेली असते, तेव्हा पहाटे पाचला चहासाठी कुणाची वाट पाहावी लागणार नाही. रोज दुपारी साडेतीनला, म्हणजे अगदी तुझ्या वेळेला, क्वीन्स रूम नावाच्या मोठ्या दालनात पांढरे हातमोजे घातलेले वाढपी चहा ओततात, सोबत छोटी सँडविचे आणि स्कोन असतात, बाजूला वाद्ये वाजत असतात. त्या चहात आले नसणार, तेव्हा आले-वेलचीची पूड डबीतून ने. शाकाहारी पदार्थ असतातच. गोमांस नको, अंडे नको, हे मी आधीच कळवले आहे, तरी पहिल्या रात्री वाढप्याला पुन्हा सांग आणि सांगताना संकोच करू नकोस. जेवणाची सहाची वेळ घेतली आहे आणि टेबल दोघांचेच. बाबांना गप्पांना माणसे हवी वाटली तर मोठे टेबल मागता येते. कपडे धुवायची यंत्रे आणि इस्त्री मोफत आहे, म्हणून न्हाणीघरात दोरी बांधायची नाही. डॉलर चालतात आणि खोलीत आपल्या अमेरिकन पिनांचे सॉकेटही आहेत, तेव्हा बाबांच्या रक्तदाबाच्या यंत्राची काळजी नको. दोन रात्री सगळे नटूनथटून जेवायला येतात. त्यातल्या एका रात्री तू दादाच्या लग्नातली पैठणी नेसावीस, अशी माझी फार इच्छा आहे.

घड्याळाची गंमत सांगायची राहिली. पूर्वेकडे जाताना पाच दिवस दुपारी बारा वाजले की लगेच एक वाजल्याचे जाहीर करतात. असे तासातासाने पाच तास सरतात आणि तिथे पोहोचेपर्यंत शरीराला इंग्लंडची वेळ लागलेली असते. बाबांच्या गोळीच्या वेळेबद्दल मी डॉक्टरांशी बोलले. रोज तासभर इकडेतिकडे झाले तर चालेल, पण गोळी एकदाही चुकता कामा नये. बाबा, तुमचे जुने एचएमटी मात्र पुढे करू नका. ते एडिसनच्या वेळेवरच ठेवा, म्हणजे मी जागी आहे की नाही ते तुम्हाला कळेल.

आता जे सांगते ते ऐकायचेच. गोळ्या महिनाभराच्या घ्यायच्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालाकडे जातात आणि खोलीत यायला कित्येक तास लागतात. पायाला घट्ट मोजे रोज. धक्क्यावर व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, बाबा, आणि तुम्ही त्यात बसणार आहात. एवढ्या लांबलचक रांगेत उभे राहून काही सिद्ध करायचे नाही. दारांचे उंबरे उंच असतात, कठडा धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही, वारा असताना बाल्कनीचे दार आपटते तेव्हा बोटे सांभाळायची. जेवणाआधी हात साबणानेच धुवायचे, कारण जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या विषाणूवर नुसते सॅनिटायझर पुरत नाही. पाण्यात बुडवायची कॉइल बॅगेत घालू नकोस, आई, ती ठेवून घेतात. साजूक तुपाची बरणीही नको, अमेरिकेतून तिकडे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. डिंकाच्या लाडवांसाठी तूप दादाने आणून ठेवले आहे आणि वहिनीचे दिवस भरायला तोपर्यंत तीन आठवडे असतील. मेडिकेअर देशाबाहेर सहसा चालत नाही आणि जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल आपल्यालाच भरावे लागते, म्हणून वेगळा विमा उतरवला आहे. तो आहे म्हणून तरी बारीकसे काही वाटले की लगेच सांगायचे, 'प्रवासाने होतेच' असे यावेळी कुणीही म्हणायचे नाही. मीही म्हणणार नाही.

एक कबुली राहिली. गेल्या महिन्यात पासपोर्टचे फोटो मी ओसीआयच्या, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाच्या, कामासाठी मागितले, ते खोटे होते. आपल्या निळ्या पासपोर्टावर ब्रिटनला व्हिसा लागत नाही, पण जानेवारी २०२५ पासून अमेरिकन नागरिकांना आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. ती दोघांचीही आली आहे.

सोबत मी का येत नाही, हा प्रश्न आई विचारणार नाही, पण तिच्या मनात येईल. रजा बाळ झाल्यावर तिकडे येण्यासाठी राखून ठेवली आहे, हे खरे आहे. सात दिवस तुम्हाला एकट्यांना सोडताना मला बरे वाटते आहे, असे समजू नका. जहाजावरचे इंटरनेट घेतले आहे. रोज नाश्त्यानंतर दोन ओळी पाठवा, एखादा दिवस नाही जमले तर मी समजून घेईन, पण शक्यतो जमवा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एडिसनला येते, तोपर्यंत बॅगांना दोरी बांधू नका. धक्क्यावर तुम्हाला सोडल्यावर रेड हूकच्या किनाऱ्यावरच्या छोट्या बागेत जाऊन उभी राहीन, तिथून जहाज निघताना दिसते. एवढ्या उंचावरची माणसे मुंगीएवढी दिसतील, तेव्हा आई, तुझी ती केशरी शाल अंगावर न घेता हातात धर आणि भोंगा वाजला की हलव.

तुमची,
चिमी