यादीवर बोट ठेवणाऱ्या अण्णांना

अण्णा, सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

देवनागरीतली नावं कन्नड लिपीत उतरवणारी माझी छोटी पायथन लायब्ररी, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला, दुसऱ्यांनाही आपल्या कामात जोडता येणारा तयार कोड. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या दोन्ही लिप्यांत छापायच्या होत्या, त्यासाठी लिहिली आणि ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला खुली, करून टाकली. खानापूरकडच्या एका मास्तरांनी पटावरची नावं उतरवायला ती घेतली, आणि जिथं रेंज येते-जाते तिथं त्यांच्या लॅपटॉपवर टेस्टिंगची, म्हणजे कोड तपासायची, नऊ पॅकेजं डाउनलोड होत बसली. लायब्ररीबरोबर आपोआप डाउनलोड होणाऱ्या पॅकेजांच्या मुख्य यादीत मीच ती कोंबली होती. मास्तरांना त्यातलं एकही लागत नव्हतं.

त्यात नोज, टेस्ट चालवणारं पॅकेज. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. पायथन ३.१० मध्ये त्याला लागणारं एक जुनं नाव काढून टाकलं गेलं आणि माझ्या टेस्ट सुरूच होईनात. कोड धड होता, तपासणाराच आडवा पडला! मी मात्र दोन रात्री कोडमध्येच चूक शोधत होतो.

रविवारी तुम्ही निपाणीहून बसनं आलात. चहा निवून गेला तरी यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवून तुमचं एकच चाललेलं: "ह्यानं आजवर कुठली चूक धरून दिली?" मॉकचं, म्हणजे टेस्टपुरत्या खोट्या वस्तू बनवणारं, वेगळं पॅकेज गेलं, ते ३.३ पासून पायथनसोबतच येणाऱ्या युनिटटेस्टमध्ये आहे, मला पत्ताच नव्हता. टेस्टपुरती आजची तारीख गोठवणारं पॅकेज आठवलं की अजून लाज वाटते. फंक्शनला तारीख बाहेरून दिली, काम भागलं. नोजच्या जागी पायटेस्ट आलं, आणि उरलेलं सगळं 'टेस्ट' नावाच्या ऐच्छिक यादीत गेलं.

हायपोथेसिसही, म्हणजे आपण लिहिलेली अट मोडणारी उदाहरणं स्वतः शोधणारं पॅकेजही, काढायला निघालो तेव्हा मात्र तुम्ही हात धरलात. एकच नाव दोन तऱ्हांनी टाइप केलं तरी उत्तर तेच आलं पाहिजे, एवढी अट लिहायला लावलीत. मराठी अक्षरं उलटसुलट जोडत त्यानं टेस्ट पाडली, आणि उदाहरण खुडत खुडत शेवटी एकच अक्षर समोर ठेवलं: ऱ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत, ते एकसंध येतं, नाहीतर र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं दोन तुकड्यांत. दुसरं रूप माझ्या कोडला कळतच नव्हतं. म्हणजे कऱ्हाडकरांचं आडनाव पावतीवर नीट उमटणार की नाही, हे कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर! हातानं लिहिलेल्या टेस्टमध्ये हे मला जन्मात सुचलं नसतं.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं प्रकरण बाहेर आलं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधला घातक कोड टेस्टच्या फायलींत दडवलेला निघाला, तेव्हा लगेच तुमचा फोन: "कुणी दिलेली फाइल न उघडता घेतलीस का?" घेतली होती, एक. त्याच रात्री काढली.

एक टेस्ट अजून लाल, म्हणजे नापास, आहे. कन्नडमध्ये 'बेळगावी'चा 'बे' ऱ्हस्व, आणि आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही 'ए'ला मात्रा एकच. त्यासाठी परत एकदा बस पकडावी लागेल. कुंदा आणून ठेवतो.

तुमचा,
शहापूरचा धाकटा