तुर्कस्तानची ओळख, ताटापासून

प्रिय श्रीरंग,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलात सहकुटुंब तुर्कस्तानला निघालाय, तिकिटंही झाली, आणि आता "थोडा इतिहास, थोडे रीतिरिवाज, थोडं खाणंपिणं, काय ते एकदा नीट लिहून पाठव" असा तुझा हुकूम. लिहितो. पण सुलतानांच्या वंशावळीपासून नको. ती प्रत्येक गाइडला तोंडपाठ असते आणि संध्याकाळपर्यंत आपण विसरलेलो असतो. तू ताटापासून सुरुवात कर. तुर्की टेबलावरच्या एकेका पदार्थाचं वय बघत गेलं की इतिहास आपोआप उलगडतो, आणि ती वयं आपल्या अंदाजाच्या बरोबर उलटी निघतात. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातला लाल चहा आपल्याला पुरातन वाटतो, पण घरोघरी पोचला तो प्रजासत्ताक आल्यानंतर. ज्या बुलगुरकडे, म्हणजे उकडून भरडलेल्या गव्हाकडे, कोणी ढुंकून बघत नाही, तो मात्र सगळ्यांत म्हातारा.

आग्नेय तुर्कस्तान हा जगातल्या पहिल्या गहू पिकवणाऱ्या प्रदेशांपैकी एक. एकदाणी गव्हाचं मूळ दियारबाकिरजवळच्या काराजादाग डोंगराच्या परिसरात सापडतं. त्या भागातली गोबेक्ली तेपेची दगडी वर्तुळं इसवीसनापूर्वी सुमारे 9500 ची, म्हणजे शेती नीट रुजण्याच्याही आधीची. काळ्या समुद्राकडच्या कास्तामोनूत हा एकदाणी गहू 'सियेझ' या नावाने आजही पेरतात. आपली खपली त्याचीच चुलतबहीण.

बुलगुर म्हणजे आपला दलिया नव्हे, हे वहिनींना आधीच सांगून ठेव. दलिया हा कच्चा गहू भरडून करतात. बुलगुरसाठी गहू आधी उकडतात, उन्हात खडखडीत वाळवतात आणि मग भरडतात. जाड बुलगुर पिलावाचा: एक वाटी बुलगुरला दोन वाट्या पाणी, कांदा-टोमॅटो परतून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवायचा आणि झाकण घालून पंधरा मिनिटं मुरू द्यायचा. बारीक बुलगुर 'किसिर' नावाच्या कोशिंबिरीचा. तो शिजवायचाच नसतो, वाटीभराला पाऊण वाटी उकळतं पाणी घालून झाकून ठेवला की फुलतो. मग त्यात मिरचीची लाल पेस्ट, लिंबू, ऑलिव्ह तेल, कांद्याची पात, भरपूर पार्सली. बारीक बुलगुरचा पिलाव केलास तर लगदा होईल, आणि दलियाचं किसिर केलंस तर दाताखाली कच्चा गहू येईल. इथे बहुतेकांचं बिघडतं ते याच दोन कारणांनी.

गहू अनातोलियाचा, म्हणजे आशियातल्या तुर्कस्तानचा, पण दह्यावरचं प्रेम मध्य आशियातून आलं. तुर्की टोळ्या घोडे आणि मेंढरं घेऊन पश्चिमेकडे सरकत होत्या. 26 ऑगस्ट 1071 रोजी मालाझगिर्तच्या लढाईत सेल्जुक सुलतान आल्प आर्सलानने बायझंटाइन सम्राटाला कैद केलं आणि अनातोलियाचं दार उघडलं. या भटक्यांच्या जेवणात टिकाऊपणा हा पहिला गुण. म्हणून तारहाना: दही, पीठ, कांदा, लाल मिरची, पुदिना एकत्र मळून काही दिवस आंबवायचं, फडक्यावर पसरून वाळवायचं आणि चुरून ठेवायचं. आपल्या उन्हाळी वाळवणातलं एखादं असावं तसं. (टोमॅटोही घालतात, पण तो आणि लाल मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली, म्हणजे फार नंतरची.) चौघांच्या सूपला चार मोठे चमचे पुरतात. अर्धा तास गार पाण्यात भिजवून, मग गॅसवर चढवून उकळी येईपर्यंत सतत ढवळायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समज.

सेल्जुकांनी व्यापारी रस्त्यांवर साधारण एका दिवसाच्या मजलेवर कारवान्सराया बांधल्या. कोन्याहून कापाडोकियाला जाताना अक्सरायजवळ 1229 ची सुलतान हान लागते. गाडी थांबवच. व्यापाऱ्याला तिथे तीन दिवस राहणं-खाणं आणि जनावराला चारा फुकट असे. सेल्जुकांची राजधानी कोन्या, आणि तिथेच 17 डिसेंबर 1273 रोजी सूफी संतकवी मौलाना रूमी वारले. त्यांच्या पंथात मृत्यूचा हा दिवस परमेश्वराशी मीलनाची रात्र म्हणून साजरा होतो. गिरक्या घेणाऱ्या दरवेशांचा 'सेमा' हॉटेलांत जेवणासोबत दाखवतात, तो टाळ. सेमा ही उपासना आहे, मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात.

आता उस्मानी, म्हणजे ऑटोमन. 1453 मध्ये दुसऱ्या मेहमदने कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकलं हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या तोफखान्याचा दबदबा दख्खनपर्यंत पोचला होता: विजापूरची मुलुख-मैदान तोफ 1549 मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली गेली, आणि ती ओतणारा तुर्की कारागीर रूमीखान म्हणून ओळखला जातो. पण उस्मानी सत्ता समजून घ्यायची तर तोपकापी राजवाड्यात जडजवाहिरांच्या रांगेत उभं राहण्याआधी मुदपाकखाना बघ. धुराड्यांची ती लांबलचक रांग 1574 च्या आगीनंतर वास्तुकार सिनानने पुन्हा उभी केली. शेकडो आचारी तिथे रोज हजारोंचं जेवण रांधत. जानिसारी या सुलतानाच्या खड्या फौजेत तर सगळी भाषाच स्वयंपाकघराची: पलटणीच्या नायकाचा हुद्दा 'चोर्बाजी', म्हणजे सूपवाला, आणि पलटणीची शान म्हणजे तिची कढई. कढई उलटी केली की बंड! रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतानाकडून त्यांना बाकलावा या पापुद्र्यांच्या मिठाईची ताटं मिळत, दहा शिपायांमागे एक, आणि ती मिरवत बराकीत नेली जात. 1826 मध्ये दुसऱ्या महमूदने ही फौजच मोडून काढली आणि ती मिरवणूक संपली. बाकलावा उरला.

त्या बाकलावाची राजधानी गाझीआन्तेप. 2013 मध्ये युरोपीय संघाने 'आन्तेप बाकलावा' या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. तिथला उस्ताद कणकेला गव्हाचा स्टार्च लावत काठीएवढ्या बारीक लाटण्याने पापुद्रे लाटतो, इतके पातळ की खालचं दिसावं. घरी करायचा तर तयार फिलो पत्र्यांचं अर्ध्या किलोचं पाकीट, अडीचशे ग्रॅम बिनमिठाचा पिस्ता आणि अडीचशे ग्रॅम साजूक तूप घे. तूपच हवं, साधं लोणी नको, कारण लोण्यातला दुधाचा अंश करपून वर काळे ठिपके येतात. प्रत्येक पत्र्यावर तुपाचा हात फिरवायचा, निम्मे पत्रे झाले की पिस्ता पसरायचा, वर उरलेले पत्रे. भाजायच्या आधीच तळापर्यंत कापायचं, नंतर कापलंस तर चुरा होतो. 170 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पाक पाचशे ग्रॅम साखरेला चारशे मिली पाणी, दहा-बारा मिनिटं उकळलेला. शेवटी लिंबाचे थेंब, म्हणजे साखर पुन्हा धरत नाही. घरगुती नियम असा की एक गरम आणि एक गार: गरम बाकलावावर गार पाक. आन्तेपचे उस्ताद मात्र भट्टीतून काढल्या काढल्या उकळता पाक ओततात. दोन्ही गार असतील तर पाक शोषला न जाता तळाशी साचतो. गरम असताना झाकू नकोस, वाफेने पापुद्रा मऊ पडतो. फ्रिजमध्येही नको, तूप थिजतं. जाणकार लोक तुकडा काट्याने उलटा करून खातात, म्हणजे पाकाची ओली बाजू आधी टाळूला लागते. दाताखाली कुरकुर ऐकू आली नाही तर दुकान बदल.

कॉफी येमेनातून आली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यात इस्तंबूलला कॉफीघरं निघाली. माणसं एकत्र बसली की राजकारण बोलणारच, म्हणून चौथ्या मुरादने 1633 मध्ये ती बंद केली. बंदी टिकली नाही, हे सांगायला नको. कृती सोपी, पण घाई चालत नाही. एका कपाला सत्तर मिली गार पाणी, मैद्यासारखी दळलेली सात ग्रॅम कॉफी, हवी तेवढी साखर, हे सगळं 'जेझवे' या लांब दांड्याच्या भांड्यात एकदमच. सुरुवातीला ढवळायचं, नंतर चमचा लावायचा नाही. अगदी मंद आचेवर फेस चढू लागला की थोडा चमच्याने कपात घ्यायचा, भांडं पुन्हा आचेवर, आणि उकळी फुटायच्या आत उतरवायचं. उकळली की फेस मेला, आणि बिनफेसाची कॉफी पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे शोभाच. साखर मागणीच्या वेळीच सांगावी लागते: बिनसाखरेची 'सादे', मध्यम 'ओर्ता'. मिनिटभर थांबून पी, तळाचा गाळ सोडून दे. मुलगी मागायला आलेल्या मंडळींना तीच कॉफी करून देते, आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ असतं. त्याने तोंड वाकडं न करता प्यायची.

मग चहा कुठून आला? पहिल्या महायुद्धात साम्राज्य हरलं, येमेन हातचं गेलं, कॉफी परदेशी आणि महाग झाली. 1924 मध्ये रिझे भागात चहा लावण्यासाठी कायदा झाला, तिथला कारखाना 1947 चा. म्हणजे आज दिवसभर जो चहा पितात तो आजोबांच्या काळातला. दोन मजली किटली असते: खाली पाणी, वर पेल्याला एक चमचा हिशेबाने कोरडी पत्ती, जी खालच्या वाफेने आधी गरम होते. पाणी उकळलं की वर ओतायचं आणि पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. पत्ती पाण्यात उकळलीस, आपल्या सवयीने, तर कडू. पेल्यात थोडा अर्क, वर गरम पाणी. गडद हवा तर 'कोयू', फिका 'आचिक'. दूध मागू नकोस. पेला रिकामा दिसला की भरतात, पुरे झालं की चमचा पेल्यावर आडवा ठेव.

त्याच दहा-पंधरा वर्षांत बाकीचंही सगळं पालटलं. 29 ऑक्टोबर 1923 ला प्रजासत्ताक, 3 मार्च 1924 ला खिलाफत रद्द, 1925 मध्ये फेझ टोपीवर बंदी (ती टोपीसुद्धा 1829 मध्ये सुलतानानेच सक्तीची केली होती), 1928 मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन, 1934 मध्ये आडनावांची सक्ती आणि बायकांना संसदेच्या मतदानाचा हक्क. मुस्तफा केमालचं 'अतातुर्क' हे आडनावही त्याच वर्षी संसदेने दिलेलं. 10 नोव्हेंबरला सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी, त्यांच्या मृत्यूच्या वेळेला, भोंगे वाजतात आणि रस्त्यातल्या गाड्या थांबतात. तुम्ही जाल तेव्हा 23 एप्रिल येईल: 1920 मध्ये संसद सुरू झाली तो दिवस, आता मुलांचा सण.

शेवटच्या खलिफाचा धागा आपल्या मराठवाड्याशी जुळतो. हद्दपार झालेल्या अब्दुल मजीदच्या मुलीचं, दुर्रूशेहवारचं, लग्न 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीसला निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. खुलताबादेत खलिफासाठी कबरही बांधली होती, ती रिकामीच राहिली. 1944 मध्ये पॅरिसला वारलेल्या त्या माणसाचं दफन अखेर मदिनेत झालं.

एक गोष्ट गाइड सहसा सांगत नाहीत. इस्तंबूलच्या मेझेंवर, म्हणजे जेवणाआधीच्या छोट्या बशांवर, ग्रीक आणि आर्मेनियन घरांचा मोठा हात आहे. 1915 मध्ये आर्मेनियन लोकांची हकालपट्टी आणि कत्तल झाली. अनेक देश तिला वंशसंहार म्हणतात, तुर्की सरकार तो शब्द नाकारतं. 1923 च्या करारानुसार ग्रीसशी लोकसंख्येची अदलाबदल झाली, त्यात सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तिकडे आणि चारेक लाख मुसलमान इकडे आले. पदार्थ राहिले, करणारे गेले. हा विषय अनोळखी माणसापुढे सहज काढू नकोस.

आता वहिनींच्या शाकाहाराचं. एक खूण लक्षात ठेव: द्राक्षाच्या पानांचे रोल किंवा भरलेल्या भाज्या गार वाढल्या तर बहुधा ऑलिव्ह तेलातल्या, भात भरलेल्या, बिनमांसाच्या. गरम, वर दही घालून आल्या तर आत खिमा. मसुराचं सूप निर्धोक दिसतं, पण त्यात मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून "एत सुयू वार म?" असं विचारायचं. दुकानात गुंडाळून मिळणारं 'चि कोफ्ते' नावाला कच्च्या मांसाचं, पण विकतात ते बुलगुरचंच, झणझणीत, तुम्हा सगळ्यांना आवडेल. तू खाणारा आहेस, तर 'दाना' म्हणजे गोवंशाचं आणि 'कुझू' म्हणजे कोकराचं मांस, एवढं माहीत असू दे. अदाना केबाब तिखट, उर्फा सौम्य. दोन्हीचा खिमा यंत्राने न करता 'झिर्ह' नावाच्या वाकड्या सुऱ्याने करावा आणि त्यात शेपटीची चरबी असावी, नाहीतर कोरडा पडतो.

कोणाच्या घरी गेलात तर चपला बाहेर, घरातल्या सपाता ते देतात. हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततात, ते चोळायचं. "होश गेल्दिनिझ" (या, स्वागत) याला उत्तर "होश बुल्दुक". जेवण झालं की रांधणाऱ्याला "एलिनिझे साग्लिक". मान वर उडवून, भुवया उंचावून 'च्चक' केलं तर तो नकार. आपण ते कोड्यात पडल्याचं समजतो आणि पुन्हा विचारत बसतो.

आया सोफिया 2020 पासून पुन्हा मशीद आहे. 2024 पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या गॅलरीत जाता येतं, मोझेकही तिथेच आहेत. शुक्रवारी दुपार टाळ. वहिनींनी ओढणी जवळ ठेवावी. हाताय-अंताक्याला कुनेफे ही चीजची गोड मिठाई खायला जायचं मनात असेल तर 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात ते जुनं शहर जवळजवळ पूर्ण पडलं, तेव्हा आधी चौकशी करून जा. गाझीआन्तेपला विमानाने दीड-पावणेदोन तास लागतात. इस्तंबूलमधला एक दिवस कापून ते घे, सकाळी लवकर पोच, बाकलावा ताजा असताना.

मार्ग ठरला की कळव, त्यातलं काय वगळायचं ते सांगतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव