तपासणी न करताच लावलेल्या ‘पास’ टॅगबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
विद्युत उपकरण तपासणी विभाग

विषय: रबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात उपकरणे न तपासता टॅग लावल्याबाबत व खोटा अहवाल दिल्याबाबत.

महोदय,

आमचा रबाळ्याला मसाले पॅकिंगचा गाळा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर प्लगवर चालणारी सगळी उपकरणे तपासून टॅग लावण्याचे काम आम्ही आपल्या कंपनीला दिले होते. आपले तंत्रज्ञ येऊन गेले, हिरवे टॅग लागले, अहवाल आला, बिलही आम्ही वेळेत चुकते केले.

गेल्या आठवड्यात पॅकिंगला असलेल्या एका ताईंना वॉटर कूलरच्या नळाला हात लावताच जोरात शॉक बसला. खालची फरशी ओली होती. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. कूलरवर आपला ‘पास’चा टॅग होता. परवानाधारक वायरमनने प्लग उघडला तेव्हा अर्थिंगची तार स्क्रूतून सुटलेली निघाली. कूलरला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजण्याचे यंत्र) लावल्यावर इन्सुलेशन 1 मेगाओमच्या कितीतरी खाली आले. म्हणजे बॉडीत करंट उतरत होता आणि त्याला जमिनीत जायला वाट नव्हती.

“तार नंतर सुटली असेल,” असे आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आले. म्हणून मी आपला अहवाल ओळ न् ओळ वाचला. आमच्या हँड ग्राइंडरपुढे अर्थ कंटिन्युइटी, म्हणजे अर्थिंगच्या तारेचा रोध, 0.08 ओम लिहिली आहे. हा ग्राइंडर डबल इन्सुलेशनचा आहे. त्याच्या नावपट्टीवर चौकोनात चौकोन छापलेला आहे, प्लग दोन पिनांचा आहे आणि वायरीत अर्थिंगची तारच नाही. जी तार नाही तिचा रोध आपल्या माणसाने मोजला कसा? त्याच अहवालात पाकिटे बंद करणाऱ्या बँड सीलरचे इन्सुलेशन तपासल्याची नोंद आहे. ती चाचणी प्लग काढल्याशिवाय होत नाही, आणि उत्पादन नोंदवहीप्रमाणे त्या पाळीत सीलर एकदाही थांबलेला नाही. कूलर, किटली, हीट गन, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळ्यांचे इन्सुलेशन रीडिंग हुबेहूब एकच आहे. जुनी किटली आणि कोरा बोर्ड यांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळतात यावर कोणताही वायरमन विश्वास ठेवणार नाही. हे आकडे टेबलाशी बसून भरलेले आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

मला सर्वांत जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. आमच्याकडच्या बायका पूर्वी कुठल्याही मशिनला हात लावताना जरा चुणचुणले तरी लगेच सांगायच्या आणि आम्ही ते मशिन बंद ठेवायचो. या कूलरला दोघींना आधीच चुणचुणले होते. टॅग पाहून त्यांनी “चेक झालंय” म्हणून ते मनावर घेतले नाही. टॅग नसता तर त्या बोलल्या असत्या. बोर्डात एमसीबी आहे, पण ती वायर जळू नये म्हणून असते. माणसाच्या जिवाला 30 मिलीअँपियरसुद्धा धोक्याचे, आणि 16 अँपियरच्या एमसीबीला तेवढ्याने काही होत नाही. आपल्या टॅगवर आमची माणसे जिवाचा भरवसा टाकून होती.

कूलर आम्ही बंद करून ठेवला आहे, बाकी उपकरणे वायरमन एकेक करून पाहत आहे. आपण दिलेला अहवाल लेखी रद्द करावा आणि घेतलेले शुल्क परत करावे. फेरतपासणी करायची असेल तर दुसरा तंत्रज्ञ पाठवा. त्याच्या टेस्टरचे चालू मुदतीचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र सोबत असावे, आणि प्रत्येक रीडिंग आमच्या वायरमनसमोर घेतले जावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हा अहवाल आणि प्लगचे फोटो मी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात देणार आहे.

आणखी एक, आणि हे पंधरा दिवसही थांबू नये. हेच तंत्रज्ञ त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या इतर गाळ्यांतही गेले होते. शेजाऱ्यांना मी सांगितले आहे, परंतु आपल्या सगळ्या ग्राहकांची यादी माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे. त्या प्रत्येकाला आजच फोन करून ते टॅग ग्राह्य धरू नका, असे कळवावे.

आपली,
प्रशासन व्यवस्थापक,
मसाले पॅकिंग विभाग, रबाळे, नवी मुंबई

सोबत: अहवालाची प्रत, प्लग व ग्राइंडरच्या नावपट्टीचे फोटो, उत्पादन नोंदवहीचे पान, वायरमनचा लेखी अभिप्राय.