तिसऱ्या डेस्कटॉपवर सापडलेल्या चौकटीबद्दल

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या संगणकावर अडून बसलेले वर्ड सोडवायला आपण मदत केलीत त्याला आठवडा उलटला, तरी नवी फाइल सेव्ह करताना अजूनही माझा हात क्षणभर थबकतो. आपण निघताना मी घाईघाईत म्हटलेले ‘थँक्यू’ अगदीच तोकडे होते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

एका पडद्यावर चार डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या मांडायला आलटूनपालटून दिसणारे चार पृष्ठभाग, मिळावेत यासाठी मी एक छोटे टूल बसवले होते. पहिल्यावर अहवाल, दुसऱ्यावर एक्सेलचे तक्ते, तिसऱ्यावर ईमेल, अशी वाटणी मला फार सोयीची वाटत असे. मग वर्ड अधूनमधून अडून बसू लागले. खिडकी समोर दिसे, पण कुठेही क्लिक केले की नुसता ‘टण्ण’ असा आवाज येई आणि एक अक्षरही उमटत नसे. पहिल्या डेस्कटॉपवर डबल क्लिक केलेला तक्ता तिथे न उघडता दुसऱ्यावर जाऊन उघडे, तो ताप वेगळाच.

आपल्याआधी तिघांनी हा संगणक पाहिला होता. पहिल्यांनी टास्क मॅनेजरमधून वर्ड सरळ बंद केले आणि त्याबरोबर माझे दुपारभराचे लेखन गेले. दुसऱ्यांनी वर्ड-एक्सेलसकट सगळे मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून पुन्हा बसवले, जे दुसऱ्याच दिवशी पुन्हा अडले. आणि तिसऱ्यांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच ‘फॉरमॅट मारा’ असा निकाल दिला. संगणकावर आणखी काय काय चालू असते, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही.

आपण मात्र कीबोर्डला हात लावण्यापूर्वी विचारलेत, “यात सेव्ह न केलेले काही आहे का?” सकाळपासूनची अकरा पाने आहेत आणि फाइलला अजून नावही दिलेले नाही, हे मी ओशाळून सांगितले. त्यावर कुणीही चार शब्द सुनावले असते. आपण माऊसवरचा हात काढून घेतलात आणि म्हणालात, “मग वर्ड बंद करायचे नाही. पडद्यावर दिसते आहे तेवढ्याचा आधी फोनवर फोटो काढा.” अकरा पानांपैकी जेमतेम दोन परिच्छेद त्या फोटोत आले असतील, पण माझे लिखाण जपण्यासारखे आहे असे त्या आठवड्यात कुणाला तरी पहिल्यांदाच वाटले, हे माझ्या मनात घर करून राहिले आहे.

नंतर आपण एकेक डेस्कटॉप उघडून पाहत गेलात, तेव्हा तिसऱ्यावर, ईमेलच्या खिडकीमागे, फाइलचे नाव विचारणारी ‘सेव्ह ॲज’ची चौकट शांतपणे उभी होती. सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबून ती मीच बोलावली होती. ते टूल बाकीच्या डेस्कटॉपवरच्या खिडक्या नुसत्या लपवते, ही चौकट त्याने स्वतंत्र खिडकी समजून भलतीकडे टाकली, आणि तिला उत्तर मिळेपर्यंत वर्ड पुढे हलणारच नव्हते, हे आपण दोन वाक्यांत समजावलेत. एक्सेलचेही तसेच: 2013च्या आवृत्तीपासून प्रत्येक तक्ता स्वतंत्र खिडकीत दिसतो खरा, पण आत चालणारे एक्सेल बहुधा एकच असते, त्यामुळे नवी फाइल ते आधी जिथे उघडे असेल तिकडे धावते. फाइलचे नाव विचारून शेवटचे बटण आपण मलाच दाबू दिलेत.

ते टूल आता काढून टाकले आहे. विंडोज 10पासून मूळ प्रणालीतच असलेल्या डेस्कटॉपवर माझे काम भागते. समोरच्याला अडाणी न ठरवता त्याची अडचण सोडवणारी माणसे कामाच्या जागी किती दुर्मीळ झाली आहेत, हे आधीच्या तिघांमुळे नीट कळले, त्याबद्दल त्यांचेही आभार मानायला हरकत नाही.

तक्रारवहीत या बिघाडापुढे अजून ‘ऑफिस पुन्हा बसवले, निकाली’ असेच लिहिलेले आहे. ते खोडून तिथे आपले निदान नोंदवावे, असा अर्ज मी कालच दिला आहे.

आपली कृतज्ञ,
अकरा पानांची लेखिका